मासे सोडून शंभर मैल

२५ जुलै २०२५, शुक्रवार. सकाळी सव्वासहा.

आजपासून रोजनिशी. मोठे धावपटू लिहितात म्हणे. कुणाच्या हाती लागू नये म्हणून वही दुकानात लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली ठेवणार.

वय ४६. वजन ८४, पण माझी हाडंच जड आहेत. कुडाळला स्वतःचं फ्लेक्सचं दुकान, घर वालावलला. मुलगी तन्वी पुण्यात शिकते. घरात मी आणि नम्रता.

हे सगळं कशामुळे, तेही लिहून ठेवतो. मामेभाऊ देवेश, दातांचा डॉक्टर, पन्नास किलोमीटर डोंगरात धावला आणि त्याच्या अभिनंदनाचा दहा बाय आठचा बॅनर छापायला माझ्याकडेच आला. चड्डीतला फोटो. त्याच्या त्या मांड्या माझ्याच मशीनमधून सावकाश, इंचाइंचाने बाहेर येताना मी उभा राहून बघितल्या. शी! अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तेव्हाच ठरवलं. पन्नास किलोमीटर कसले, शंभर मैल. ३१ जानेवारीला पुण्याची मंडळी आपल्याकडे शर्यत घेतायत. नारूरहून रांगणा, तिथून डोंगरमाथ्याने आंबोली आणि परत. १६१ किलोमीटर, वेळ ४६ तास. स्थानिकांसाठी दोन जागा राखीव, पात्रतेची अट नाही. एक देवेशने घेतली. दुसरीला उमेदवारच नव्हता. फोन केला, मिळाली. निवड झाली म्हणायला हरकत नाही.

उद्यापासून पाच वाजता उठणे.

२६ जुलै, शनिवार. पावणेनऊ.

पाऊस होता.

२८ जुलै, सोमवार.

पहिला श्रावणी सोमवार. देवळात सगळा गाव होता. म्हटलं, एवढं मोठं काम देवाच्या कानावर घातलेलं बरं. गणपतकाकांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. त्यांच्या घराण्याचाच तो मान. आवाज असा की देवाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

काका म्हणाले, देवाकडे मागतोस तर काहीतरी सोड. मला सुपारी सुचली होती. पण देवेश खांबाला टेकून बघत होता आणि तोंडातून निघालं, ‘मासे.’

काकांनी परत विचारलं, ‘सुदेशा, इचार कर. माशे म्हटलंस?’ आता मागे कोण फिरणार? मग त्यांनी रीतसर घातलं. सुदेश शंभर मैल पुरे करून मेडल पायाशी आणून ठेवीपर्यंत माशाला तोंड लावणार नाही, आणि मेडल आणलं नाही तर जन्मभर लावणार नाही. जन्मभराचं मी बोललो नव्हतो, ते काकांनी ओघात घातलं. पण सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळा झाला. चारचौघांत देवासमोर बोललेलं आमच्याकडे कोर्टाच्या वर असतं. अपील नाही.

बायकांच्या घोळक्यातून नम्रता माझ्याकडे बघत होती. अभिमान असावा. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘श्रावणात माशे सोडूक काय लागता?’

कौतुक करायची पद्धतच नाही या घरात.

५ ऑगस्ट, मंगळवार.

पहिला डोंगरी सराव. आंबोलीच्या जंगलात. ठरवलेलं अंतर १२ किमी. झालेलं २.३.

जळवा. एकूण चौदा. एक मोज्याच्या आत, बोटांच्या बेचक्यात, खाऊन तुळतुळीत फुगलेली. ओढली तर लांब होते, सुटत नाही. दुसरी कुठे होती ते वहीतसुद्धा लिहिणार नाही. शर्यतीच्या वेबसाइटवर ‘निसर्गाशी एकरूप व्हा’ लिहिलंय. निसर्गच माझ्याशी एकरूप झाला. नवे बूट चिखलाने दोन-दोन किलोचे. येताना गाडीतल्या वासाने मलाच मळमळलं.

सराव पावसाळ्यानंतर. तोवर मानसिक तयारी.

१७ ऑगस्ट, रविवार.

मासे सोडून एकवीस दिवस. एकदाही इच्छा झाली नाही. आश्चर्य वाटतं स्वतःचं. लोक उगाच बाऊ करतात. सबंध गावच आत्ता मासे खात नाही ही गोष्ट वेगळी. ते श्रावण म्हणून खात नाहीत, मी निश्चयाने खात नाही.

३ सप्टेंबर, बुधवार. दुपारी दोन.

काल गणपती गेले. आज सकाळी काशीबाई पाटी घेऊन दारात. मालवणाहून वीस वर्षं येते. पाटीवरचं केळीचं पान तिने उचललं आणि निळे-हिरवे, ताठ, डोळे लाल नसलेले बांगडे.

नम्रताने सहा घेतले. तिरफळं घालून तीन आमटीत, तीन तळले. माझ्या ताटात दुधी. दुधी ही भाजी आहे हे कोणी ठरवलं? पाणी आहे ते, उभं राहिलेलं. माझ्यासमोर बसून ती काट्यातनं मास सोडवत होती आणि मी तो पांढरा बुळबुळीत प्रकार गिळत होतो. म्हटलं, माझ्यासाठी तू पण सोडायला नको का? तर म्हणाली, मी काय देवाला बोललेली नाही.

खरं आहे. पण माणुसकी?

५ सप्टेंबर, शुक्रवार.

आज सुरमई. नम्रता शेजारी गेली होती. टोपावरचं झाकण सरकलेलं होतं, ते नीट ठेवायला गेलो.

नोंद : फक्त रस घेतला. डाव दीड. तुकडी जिथल्या तिथे आहे. रस म्हणजे नारळ, मिरची, आमसुलं. तिन्ही झाडावर येतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

नम्रताने काशीबाईला परत पाठवलं. दोघांना वालीची भाजी. विचारलं तर म्हणाली, एकटीसाठी कोण खोबऱ्याचं वाटप काढत बसणार. आळस, दुसरं काय. पूर्वी दोन मासे असले तरी पाट्यावर बसायची.

काशीबाई मला तिठ्यावर भेटली. विचारत होती, घरात काय आजारपण आहे का? चांगली गिऱ्हाइकं होती म्हणाली. मी शर्यतीचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, इतकं लांब जायचं तर एसटी आसा.

२१ सप्टेंबर, रविवार.

घड्याळ घेतलं. धावलेलं अंतर आपोआप मोजतं आणि शर्यतीच्या ग्रुपवर टाकतं. आज सकाळी चालू केलं, पाच मिनिटं धावलो, मग दुकानात जायला उशीर होईल म्हणून स्कूटर काढली. ते बंद करायचं राहिलं. दिवसभर कुडाळ, पिंगुळी, परत कुडाळ, घर. संध्याकाळी ग्रुपवर : सुदेश, ३८ किलोमीटर. पुण्याच्या लोकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. एका बाईंनी विचारलं, पिंगुळीच्या उतारावर ताशी ५२ चा वेग कसा काय? मी लिहिलं, ‘उतार माझा आवडता.’

पुसून टाकणार होतो. बटण सापडलं नाही. शिवाय आपल्याकडच्या रस्त्यांवर स्कूटर चालवली तर मांड्यांचा व्यायाम होतोच.

८ ऑक्टोबर, बुधवार.

आठवड्याचं लक्ष्य ८० किमी. झाले ११. हवा खराब.

दुपारी बाबूने डबा उघडला. बाबू माझ्या दुकानातला मशीनवाला, इन्सुलीहून येतो. डब्यात सुकटीची चटणी. सुकट म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोलीम-कोळंबी, तीही महिनोन्महिने उन्हात वाळवलेली. तिच्यात जीव तर नाहीच, पाणीसुद्धा नाही. मसाल्यातच मोडते ती. बाबूला वाईट वाटू नये म्हणून अर्धी भाकरी घेतली. मग उरलेली अर्धी.

बाबूने माझ्याकडे जरा बघितलं. मी म्हटलं, दुकानातलं दुकानात.

२६ ऑक्टोबर, रविवार.

दिवाळीचा फराळ संपला. वजन ८६. स्नायू वजनदार असतात.

बचत गटाच्या बायका घरी आल्या होत्या. मी आतल्या खोलीत पायाला तेल लावत होतो, तेव्हा नम्रताचं बोलणं कानावर आलं. माझंच चाललं होतं. श्रावणापासून तोंडाला मासा लावला नाही म्हणे. आधी व्यायामशाळेचं वर्षाचं शुल्क भरून चार दिवस गेले, मग बासरी आणली ती अजून प्लास्टिकमध्ये आहे, मग गांडूळखत, त्याचा वास अजून येतो, पण या खेपेला माणूस बदललाय. ‘बोललेला पाळतत,’ म्हणाली.

वीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई माझ्याबद्दल चांगलं बोललेली ऐकली. बाहेर जावंसं वाटत होतं, पण अंगावर नुसता पंचा.

हल्ली रात्री न सांगता पायाला गरम पाण्याची बादली आणून ठेवते. मेडल मिळणार हे तिच्याही लक्षात आलेलं दिसतं.

९ नोव्हेंबर, रविवार.

रेडीला दत्तप्रसादकडे गेलो, त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन. शाळेतला मित्र. जेवून जा म्हणाला. तिसऱ्या.

जेवण्याआधी मी शांतपणे विचार केला. तिसरीला डोकं नाही. शेपूट नाही. काटा नाही. पोहता येत नाही. शिंपल्यात बसून असते. ज्याला पोहता येत नाही त्याला मासा म्हणणं हा माशाचा अपमान आहे. दत्तप्रसादला पटलं. त्याच्या बायकोला पटलं नाही, पण तिने वाढलं.

शिंपल्या मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर नम्रताने विचारलं, काय जेवलात? मी म्हटलं, वरणभात. हे खोटं नाही. शेवटी वरणभातही घेतला होता. बिचारी म्हणाली, परक्याच्या घरीसुद्धा सांभाळलात. मला एकदम कसंतरी झालं. पित्त असावं.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेदहा.

मोठा सराव. ठरवलेलं अंतर ५० किमी. वालावलहून कुडाळमार्गे डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि परत.

शेजारच्या नेरूरपर्यंत गेलो. तिथे उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं दिसलं. दाबलं तर हललं आणि बाजूने पिवळं पाणी आलं. किळस! देवेश म्हणतो, नखं जातातच, नवी येतात. दाताचा डॉक्टर, त्याला पडणाऱ्या वस्तूंची सवय. मी रिक्षा केली. रिक्षावाला विचारत होता, कुत्रं मागे लागलं होतं का?

२१ डिसेंबर, रविवार.

कुर्ल्या. बाळाकडे. बाळा खाडीत होडी घालतो, त्याने हाक मारून बसवलं.

कुर्ली चालते. आठ पायांवर, दगडांतून, चढ-उतार न बघता. म्हणजे ती माझ्याच क्षेत्रातली. तिचं सूप मी औषध म्हणून घेतलं, नांग्या व्यायाम म्हणून फोडल्या.

यापुढे मात्र काही नाही. आज शेवटचं. निश्चय.

४ जानेवारी २०२६, रविवार.

शर्यतीचं सामान आलं. ‘जेल’ म्हणून एक पाकीट असतं, धावताना चोखायचं. चव घेतली. आजारी माणसाच्या बेडक्यात साखर घातल्यासारखं काहीतरी घशात अडकतं आणि खालीही जात नाही, वरही येत नाही. अशी तीस पाकिटं खायची. शिवाय घर्षण होऊ नये म्हणून व्हॅसलिन कुठे कुठे लावायचं याचा व्हिडिओ. मी बघत होतो आणि नम्रता चहा घेऊन आली. काय हा शौक! सभ्य माणसाने करावा असा हा खेळच नाही.

सुंगटांबद्दल : कोळंबीला मराठीत कुणी मासा म्हणत नाही, कोळंबीच म्हणतात. तेवढंच लिहितो.

१४ जानेवारी, बुधवार.

बॅनर छापला. बारा बाय दहा, देवेशपेक्षा दोन फूट दोन्हीकडे. ‘शंभर मैलवीर सुदेश यांचे हार्दिक अभिनंदन’. आधीच छापला, कारण नंतर सत्कारांतून वेळ मिळणार नाही. शुभेच्छुकांत गावातली चोवीस नावं टाकली. विचारायला वेळ नव्हता. फोटोत मांड्या झाकल्यात.

बाबू म्हणाला, शर्यत व्हायची आहे ना? मी म्हटलं, ती औपचारिकता.

१८ जानेवारी, रविवार.

मालवणला कागद आणायला गेलो होतो. बंदराजवळ एका खानावळीत बांगडा फ्राय. एक. मग आणखी एक.

हा मासाच होता, हे मी मान्य करतो. मी स्वतःला फसवणाऱ्यांपैकी नाही. पण ग्रामदेवतेला हद्द असते. आपल्या देवाची वालावलच्या वेशीपर्यंत. जत्रा असो, शिमगा असो, सगळं वेशीच्या आत. मालवणात दुसऱ्या देवाचं राज्य, आणि त्याला मी काही बोललेलो नाही. हे आधी सुचलं असतं तर सप्टेंबर ते डिसेंबर इतका त्रास झाला नसता.

वेशीवर परत येताना गुळणी केली. तोंडाला वास नको. नम्रताने दार उघडलं आणि पायाकडे बघून म्हणाली, दमलात.

३० जानेवारी, शुक्रवार. रात्री.

उद्या पहाटे पाच. पिशवी भरली. सहा महिन्यांत एकूण धावलेलं अंतर, स्कूटर वगळून, १९४ किमी. म्हणजे शंभर मैलांपेक्षा जास्तच. फक्त आता ते सलग करायचं.

नम्रताने तळव्यांना खोबरेल चोळलं. तिला असं कधी बघितलं नव्हतं. खाली मान घालूनच म्हणाली, ‘धावान पुरा नाय झाला तरी चलात. सा म्हयने माशे सोडलास, ताच माका मोठा वाटता.’

आदल्या दिवशी असं बोलतात का? पुरं नाही झालं तरी चालेल! याला निगेटिव्ह विचार म्हणतात. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

झोप आली नाही. मालवणचा तो बांगडा डोळ्यांसमोर. बारा दिवस झाले त्याला.

३१ जानेवारी, शनिवार.

पहाटे ५.००. नारूर. बासष्ट जण. सगळीकडे कापूर, मलम आणि माणसांचा घाम. एक जण सर्वांदेखत व्हॅसलिन लावत होता. देवेशने हात मिळवला. थंडगार, घाबरलेला वाटला.

५.१२. मी पुढे. चौथा.

५.२०. छाती.

५.४०. सगळे पुढे गेले. ठीक आहे, शर्यत लांबची आहे.

६.३०. रांगण्याचा चढ. हा चढ नाही, भिंत आहे. दगडावर दगड आणि दगडाखाली आणखी काहीतरी.

७.१५. पहिलं जेल. ओकलो. करवंदीच्या जाळीत. बुटावर पण.

७.५०. माझ्या मागे एक बाई चालतायत. वय असेल साठ. पुण्याच्या. मला बरं वाटलं, म्हटलं, कुणीतरी मागे आहे. चौकशी केली तर त्या स्पर्धक नाहीत. शेवटच्या माणसाच्या मागे राहून त्याला सांभाळून आणायचं, एवढंच त्यांचं काम. छत्री घेऊन आल्यात. गुणगुणतायत.

९.०५. त्या मला विचारतात, पाणी हवं का, चिकी हवी का, बसायचं का. बसायचं का! मी बसलो.

१०.३०. रांगणा किल्ला. पहिली चौकी. वेळेची मर्यादा ९.३०. चौकीवाल्यांनी माझा नंबर कापून घेतला. सेफ्टी पिना मात्र माझ्या होत्या, त्या परत मागून घेतल्या.

अंतर : ८.७ किलोमीटर.

मैलात : ५.४.

१ फेब्रुवारी, रविवार.

कारणं. एक, बूट. दोन, जेल. तीन, ती गुणगुणणारी बाई, लय बिघडते. चार, हद्द. रांगणा आपल्या देवाच्या हद्दीत येत नाही. तिथे तो माझ्यासाठी काय करणार होता? गाऱ्हाणं घालतानाच हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं.

बाबूने हौसेने बॅनर तिठ्यावर कालच लावला. सांगायचं राहिलं होतं. काशीबाईने मला खाली थांबवून अभिनंदन केलं. आता कुणीतरी मेडल बघायला मागणार.

२ फेब्रुवारी, सोमवार.

देवेश पूर्ण. ४४ तास १० मिनिटं. दोन्ही अंगठ्यांची नखं गेली. फोटो पाठवला. जेवताना उघडला मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

आज खरं कळलं. मेडल नाही. म्हणजे जन्मभर. आमच्याकडे माणसं नव्वदीपर्यंत जगतात. चव्वेचाळीस वर्षं दुधी. भीती वाटली. मस्करी नाही.

गणपतकाकांकडे गेलो. म्हटलं, सोडवून द्या. काका म्हणाले, बघू, रविवारी ये, काही चुकलंमाकलं असेल तर देवाला सांगून मोकळा हो. मी विचारलं, सगळं सांगायला लागतं? ते म्हणाले, तुझ्या मनात असेल तेवढं.

विचार केला. पाच मैलांत ओकलो, ते उगाच नाही. तो बांगडाच आडवा आला. लपवून ठेवलं आणि देवाने डावा, नकाराचा कौल दिला तर संपलं. सांगितलेलं बरं. देवासमोर सांगायचंय, कुणाला कळणार!

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

देवळात पन्नासेक माणसं. रविवारी इतकी कशी, देव जाणे. नारळ ठेवला, काका म्हणाले, बोल. मी हात जोडून हळू आवाजात सुरू केलं. काका म्हणाले, मोठ्याने, देवाला ऐकू जायला हवं.

सगळं सांगितलं. रस, दीड डाव. सुकट, एक भाकरी. तिसऱ्या. कुर्ल्या, नांग्यांसकट. सुंगटं, दोनदा, इथे वहीत एकदाच आहे. मालवणचे दोन बांगडे. हद्दीचा मुद्दाही मांडला. मागे कुणीतरी फुसकन हसलं, मग दुसरं. मी डोळे मिटलेलेच ठेवले. वाटलं, आता कौल लागेल आणि एकदाचा सुटेन.

काका हसत नव्हते. नारळ हातात धरून म्हणाले, ‘अरे, तू कधीच सुटलंस. तुझी बायल दुसऱ्याच दिसा येवन नारळ ठेवन गेली. ह्येंचा बोलणा मनार घेव नको म्हाराजा, म्हणान सांगल्यान. आमी सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटला.’

म्हणजे २९ जुलैपासून मी मोकळा होतो. सगळ्या गावाला ठाऊक. देवालाही. एकट्या मला नाही. आधी मला रागच आला, हे लिहून ठेवतो. इतका दुधी खाल्ला मी! मी वळलो, नम्रताला चार शब्द सुनवायला.

ती बायकांच्या पुढे उभी होती. बाकीच्या पदरात तोंड घालून हसत होत्या. ती हसत नव्हती.

वाटेत ती पुढे, मी मागे. पारापाशी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘माका वाटलेला चार दिवस पण टिकूचा नाय. म्हणान सोडवन घेतलंय. मगे घरात माशे रांधले तरी तुमी टिकलास. म्हणान सांगाक नाय, आणि मी पण सोडलंय. पाच म्हयने मी तोंडाक मासो लावक नाय.’

तिसरीला शेपूट नसते, हे सांगणार होतो. नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

बोलत नाही. जेवायला वाढते. पायाला पाण्याची बादली नाही. मीच आणली, पण तापवलेली नव्हती.

लाज वाटते. शर्यतीची नाही, ती कुणी बघितली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी दीड.

काशीबाई आली. नम्रताने हाक मारून पाटी उतरवायला लावली. पापलेट घेतलं, हातभर, काशीबाईने कुणासाठी तरी राखून ठेवलेलं. वाटप काढलं. पाट्यावर. मी ओसरीवर बसून आवाज ऐकत होतो.

दोन ताटं. तिच्या ताटात पापलेट, आमटी, सोलकढी. माझ्या ताटात वालीची भाजी आणि भात. मग विचारलं, मला?

म्हणाली, ‘तुमचा खावन झाला. आता माका खावंद्या.’

सावकाश जेवली. काट्यापर्यंत. डोकं शेवटी फोडलं. मी बघत होतो आणि खात होतो.

भाजीत मीठ कमी होतं. मीच उठून घेतलं.